उस्ताद, मास्तर आणि आमचे दुंबे

आमच्या दारात पहिले दुंबे उतरले तेव्हा मी ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसले होते. टेम्पोचा फाळका पडला आणि आधी आमचे हे खाली आले. केसांत भुसकट, शर्टाला लेंड्या, डोळे लाल. त्यांच्यामागून एक मेंढा आणि चार मेंढ्या अशा ऐटीत उतरल्या की पाहुणे तेच आणि आमचे हे त्यांचे हमाल वाटावेत. तोंडाकडून पाहिली तर जनावरं ठीकठाक होती. लांब कान, तांबूस तोंड, मऊ डोळे. मग ती वळली आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. प्रत्येकीच्या मागं शेपटाच्या जागी भलीमोठी उशी लोंबत होती आणि चालताना ती डावीउजवीकडं डुलत होती.

"अगं बाई, सुजलेत की काय हे?" मी म्हणाले.

"सूज न्हाई, चरबी हाय ती," आमचे हे म्हणाले. "दुंबा म्हणतेत याला. वाईट दिवसांसाठी साठवून ठेवतो. उन्हाळ्यात चारा कमी पडला की हीच शेपूट अंगाला लागती. लई काटक जनावर, कुठंबी जगतं."

टेम्पोच्या पुढच्या दारातून शेजारचे भाई उतरले. तेच टेम्पो चालवत आले होते. त्यांच्या कपड्यांवर धड सुरकुतीही नव्हती.

"राजस्थानातून इथपर्यंत हे मागं मेंढ्यांत बसून आले?" मी त्यांना विचारलं.

"वहिनी, मी दहादा म्हनलो, पुढं ये. ऐकत न्हाई. म्हणतो, कंडक्टरची जागा मागं असती. पत्र्यावर दोनदा थाप मारली की मी गाडी काढायची, एकदा मारली की थांबायचं. सगळा रस्ता असाच आलो."

मला नवल वाटलं नाही. अंबडच्या डेपोत भाई ड्रायव्हर होते आणि आमचे हे कंडक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं दोघं एकाच लाल गाडीवर होते. अंबड ते शहागडच्या रस्त्याला, कालव्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं दोघांनी घरंही भिंतीला भिंत लावून बांधली. हे त्यांना उस्ताद म्हणतात, ते ह्यांना मास्तर म्हणतात. वास्तविक शाळेत शिकवते मी, गावातल्या निम्म्या लोकांना बाराखडी माझ्या हाताखाली आली, पण मास्तर ही पदवी गेली तिकिटं फाडणाऱ्याकडं. मला त्याचा थोडा रागच आहे.

ही दोन माणसं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. बोलायची सवयच लागली नाही त्यांना. एक पुढं, एक मागं आणि मधे गच्च भरलेली गाडी. त्यांचा सगळा संसार एका दोरीवर चालला. दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. भाई सांगायचे की मास्तरची बेल ऐकूनच त्यांना कळायचं, मागं भांडण लागलंय की कुणी म्हातारं माणूस उतरतंय. मी म्हणायचे, बेल म्हणजे बेल, त्यात काय कळायचंय? पण निवृत्त झाल्यावर दोघं आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसायचे, तासभर एक शब्द न बोलता उठायचे, आणि हे घरात येऊन मला सांगायचे, "उस्तादचं आज मन बराबर न्हाई." आणि खरंच नसायचं.

दुंबे आणले ते उस्तादसाठी. गावाला सांगताना हे काहीही सांगोत, मला खरं माहीत होतं.

भाईंचा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गुणी मुलगा, माझाच विद्यार्थी. भाई घरी बसल्यापासून तो मागं लागला होता, अब्बा, अम्मी, इकडं या, तिथं तुम्हाला काम काय? प्रश्न बरोबर होता. भाईंची मोसंबीची बाग पाण्याअभावी वाळून गेली होती आणि राहिलेलं रान त्यांनी बटाईनं दिलं होतं. भाई नुसतं "बघू" म्हणायचे. पण भाभींनी एक दिवस मेथी निवडता निवडता मला सांगितलं, "बाई, अब हमारा जाणं पक्कं झाल्यासारखंच हाय." मी ते ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि उठून हात धुतले.

शेजारच्या दारात जाऊन 'उस्ताद, जाऊ नको' एवढं म्हणायचं होतं. चार पावलांचं काम. पण ते ह्यांच्यानं होईना. त्याऐवजी ह्यांनी चार-सहा दिवस मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ पाहिले आणि एका सकाळी जाहीर केलं, "मी दुंबे आणून राह्यलो. उस्तादला अर्ध्यात घेतलंय. त्याला काम पाहिजे ना? मंग हे घ्या म्हणावं काम."

मुलानं समजूतदारपणा दाखवला. फोनवर ठरलं की येत्या बकरी ईदपर्यंत अब्बांनी हा नाद करून पाहावा. मेंढ्यांना पिल्लं झाली, जम बसला, तर तो पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पिल्लं नाहीच झाली तर ईदनंतर दोघांनी त्याच्या गाडीत बसायचं. भाईंनी जबान दिली. म्हणजे चार मेंढ्यांच्या पोटावर माझा शेजार आणि ह्यांचा जीव टांगून ठेवला होता.

मेंढ्या आमच्या भागाला नवीन नाहीत. धनगरांचे कळप दरवर्षी येतात, रानात बसतात, पुढं जातात. पण त्या मेंढ्या काळ्या, अंगानं बारीक, आणि शेपूट म्हणाल तर करंगळीएवढी. दुंबा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पहिले आठ दिवस आमच्या दारात जत्रा भरली. शहागडच्या बाजूचे लोक मोटारसायकली थांबवून फोटो काढायचे. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमच्या मेंढीनं दप्तर मागं का अडकवलंय?" गल्लीतले एक आजोबा तर सळई तापवून घेऊनच आले. जनावराला सूज आली की डाग द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांना चहा पाजून, सळई थंड होईपर्यंत गप्पांत गुंतवून परत पाठवावं लागलं.

जनावर मात्र खरंच काटक निघालं. तुरीचं भुसकट खाल्लं, सोयाबीनचं खाल्लं, बाभळीच्या शेंगा तर पेढ्यासारख्या मटकावल्या. मोसंबीच्या साली आवडायच्या. माझ्या कुंडीतली तुळस आणि वाळत घातलेल्या परकराची नाडी हेही त्यांनी खाल्लं. मी हातात खराटा घेऊन धावले की मेंढा माझ्याकडं अशा साळसूद नजरेनं पाहायचा की खराटा खाली यायचा. मुळात मला जनावरांची आवड नाही. पण ते उबदार, जडशीळ, सतत काहीतरी चघळणारं कुटुंब दाराशी असलं की बरं वाटायचं, हे कबूल करते.

दोन्ही घरांच्या बाजूला, रस्त्यालगत, पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि तिथं दोघांची ड्यूटी सुरू झाली. दुसरा शब्द नाही. ह्यांनी नवीन जालन्यात भंगाराच्या दुकानातून एक जुनी बेल शोधून आणली, ती शेडच्या पुढच्या आडव्या वाशाला बसवली आणि तिची दोरी छताखालून पार मागच्या भिंतीपर्यंत ओढली. सकाळी भाई पुढं फाटकाशी उभे राहायचे, हे मागं राहून मेंढ्या मोजायचे, मग दोनदा दोरी. फाटक उघडायचं. कालव्याच्या कडेनं ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे. लिंबाखाली थांबा, हातपंपाशी थांबा. रानात बेल नाही म्हणून हे काठीनं डब्यावर वाजवायचे. महिनाभरात मेंढ्याही शिकल्या. दोन बेल ऐकल्या की फाटकाशी येऊन उभ्या. शेडमधल्या पुढच्या गव्हाणीवर ह्यांनी माझ्याच खडूनं 'स्त्रियांसाठी राखीव' असं लिहून ठेवलं होतं. मेंढा नेमका तिथंच बसायचा, बसमधल्या पुरुषांसारखा.

भाई बदलले. दाढी वेळेवर, कपडे इस्त्रीचे, पायात चामड्याची चप्पल. मेंढ्या चारायला जाताना खिशाला पेन लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. भाभी म्हणायच्या, "बाई, यांना आता झोप बी बराबर लागून राह्यली."

फक्त एकच होत नव्हतं. मेंढ्या गाभण राहत नव्हत्या.

संक्रांत गेली. मेंढ्या माजावर यायच्या, मेंढा दिवसभर त्यांच्यामागं हिंडायचा, धापा टाकायचा, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. गावातल्या लोकांना तोंड मिळालं. "शेपूट एवढी मोठी आन् पिल्लू न्हाई एक," असं पारावरचे लोक ह्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. अंबडहून जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. जनावरं ठणठणीत आहेत म्हणाले. त्यांनी विचारलं, "मेंढा व्यवस्थित लागतो ना?" तर दोघं एका सुरात "हो, हो" म्हणाले आणि दोघांनी दोन वेगळ्या दिशांना पाहिलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

भाई पुन्हा गप्प झाले. गप्प तर ते आधीही होते, पण हे गप्प राहणं वेगळं. खिशाचं पेन गेलं. भाभींनी घर आवरायला काढलं. एक दिवस त्या त्यांची लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी पदराखाली धरून घेऊन आल्या आणि माझ्या फळीवर ठेवली. "पुण्याला फ्लॅटात कुठं ठेवू? तुमच्याकडंच राहू द्या." त्या बरणीतलं लोणचं आमच्या घरानं किती वर्षं खाल्लं होतं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्याकडं पंगत असायची तेव्हा ती बरणी सकाळीच आमच्या घरात यायची आणि रिकामी होऊनच परत जायची. मी "ठेवा" म्हणाले, आणि त्या गेल्यावर फळीकडं पाहून मला रडू आलं. बोलायचं नसतं तेव्हा बाया अशी भांडी देतात. पुरुष मेंढ्या आणतात.

होळीच्या सुमाराची गोष्ट. रविवार होता, ऊन तापलेलं, मेंढ्या शेडमध्ये. दोघं पुरुष भुसकट आणायला गेले होते. मी आणि भाभी लेंडीखत गोळा करत होतो. एक मेंढी माजावर होती आणि मेंढा तिच्यामागं लागला होता. आम्ही दोघी संसारी बाया, आम्हाला त्यात काय नवल? पण नजर गेली आणि मग आम्ही खराटे टाकून पाहतच राहिलो. मेंढा बिचारा उठायचा, पुढं यायचा, आणि मधे ती उशी. दाराला जाड गोणपाटाचा पडदा लावलेला असावा आणि माणसाला आत जायची फटच सापडू नये, अशी त्याची गत झाली होती. तो थकायचा, बाजूला व्हायचा, माझ्याकडं त्याच साळसूद नजरेनं पाहायचा आणि पुन्हा उठायचा.

भाभींनी पदर तोंडात कोंबला. "या अल्ला," त्या म्हणाल्या, "बाई, याला तर दारच सापडून न्हाई राह्यलं!"

आम्ही दोघी त्या लेंड्यांच्या ढिगावर बसून हसलो. पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. भाभींना मी इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. आणि मग दोघींचं हसू एकदमच थांबलं, कारण आमच्या लक्षात आलं की ईदला आता जेमतेम तीन महिने आहेत.

पुरुष परत आले. मी चहा ठेवला, दोघांना समोर बसवलं आणि वर्गात विचारते तसंच विचारलं.

आमचे हे बशीत बघत म्हणाले, "त्या माणसानं सांगितलं होतं तसं."

"कोणत्या माणसानं?"

"राजस्थानातल्या. ज्याच्याकडून आणले. तो म्हनला, मेंढा नवा हाय, पहिल्या पहिल्यांदा मेंढीची शेपूट उचलून बाजूला धरावी लागती. एकदा शिकला की मंग त्याचं तो बघतो."

"मग धरली का नाही?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग हे म्हणाले, "मला वाटलं, उस्ताद धरंल. चालवायचं काम त्याचं. मी आजवर कधी स्टेअरिंगला हात लावला का?"

भाईंनी कप खाली ठेवला. "वा रे मास्तर! मी इतके दिवस समजून राह्यलो की तू धरतो. मागच्या दाराचं काम कंडक्टरचं असतं! मी कधी तुझ्या तिकिटाच्या पेटीला हात लावला?"

"अहो पण एकमेकांना विचारायचं तरी!" मी ओरडले.

"असलं काय विचारायचं, वहिनी," भाई कानापर्यंत लाल झाले. "आन् समोर तुमची खिडकी. इकडून आमच्या घरातलं बाईमाणूस येणार-जाणार. शोभतं का?"

मला इतका राग आला होता की हसूही येईना. ही दोन माणसं आयुष्यभर एकमेकांच्या कामात हात न घालता गाडी चालवत आली, आणि आता त्याच शिस्तीपायी आणि खिडकीच्या लाजेपायी माझी भाभी पुण्याला चालली होती. मी म्हणाले, "उद्यापासून तुम्ही दोघं फाटकाच्या बाहेर. रस्त्याकडं तोंड करून बसायचं. मागं वळून पाहिलं तर चहा बंद."

आणि खरंच तसं झालं. दोघं फाटकाबाहेर आडव्या पडलेल्या सिमेंटच्या खांबावर शिक्षा झालेल्या पोरांसारखे पाठ करून बसायचे. आत भाभी मेंढीचं डोकं मांडीशी धरून तिच्या कानात काहीबाही गोड बोलायच्या आणि मी पदर खोचून शेपूट उचलायचे. शेपूट चांगलीच जड, हाताला कणकेच्या गोळ्यासारखी मऊ आणि गरम. पहिल्यांदा माझ्या हातून निसटली आणि भाभींना पुन्हा हसू आवरेना. मेंढा मात्र हुशार निघाला. चौथ्या मेंढीच्या वेळी त्याला आमची गरज उरली नव्हती. छातीनं शेपूट कशी बाजूला सारायची ते त्यानं आपलं आपण शोधून काढलं. बाहेर बसलेल्या दोघांना मी सांगितलं, "झालं. विद्यार्थी पास." भाई वर न बघता म्हणाले, "शुक्रिया, वहिनी."

मेंढ्या पुन्हा माजावर आल्या नाहीत. मे महिन्याच्या उन्हात, पारावरचे लोक सावलीतून हलत नव्हते तेव्हा, त्या सुकलेलं गवत खाऊन तरतरीत होत्या. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, चारही गाभण. पण मेंढीला पाच महिने लागतात आणि ईद थांबत नाही. ईदच्या दिवशी पोटं दिसत होती, पिल्लं नव्हती.

मुलगा गाडी घेऊन आला. त्यानं शेड पाहिलं, मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मनापासून खूश झाला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, दोन-अडीच महिने थांब की. एवढ्यात पिल्लं होतील."

"बाई," तो म्हणाला, "अब्बांना बीपी आहे. इथं काही झालं तर जालन्यापर्यंत कोण नेणार? फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधतो." त्याचीही काळजी खरी होती. आणि भाई कुणालाच बोलू देत नव्हते. "जबान दिल्ती मी. पिल्लू झालं न्हाई. बात खतम."

निघायच्या दिवशी सकाळी मी डबा बांधला. भाभी माझ्या गळ्यात पडल्या आणि आम्ही दोघी भरपूर रडलो. बायांना हे बरं जमतं. सामान डिकीत गेलं. भाई पुढच्या सीटवर, मुलाच्या शेजारी बसले. सारखे आमच्या दाराकडं पाहत होते. आमचे हे कुठंच नव्हते. निरोप द्यायलासुद्धा आले नाहीत. मी हाका मारल्या, उत्तर नाही. मला त्यांची लाज वाटली आणि राग आला. शेवटी मुलगा म्हणाला, "जाऊ द्या बाई, काकांना त्रास होत असेल," आणि त्यानं गाडी सुरू केली.

गाडी हलली, शेडसमोर आली, आणि शेडमधून बेल वाजली.

एकदा. फक्त एकदा.

मी भाईंच्याच बाजूला उभी होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्यासमोर ना स्टेअरिंग होतं ना ब्रेक, तरी त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. "रोक," ते म्हणाले. "गाडी रोक."

"अब्बा, मेंढ्यांची घंटी आहे ती."

"कंडक्टरनं सिंगल दिली. आता डबल मिळाल्याबिगर गाडी हलणार न्हाई. आजवर कधी हलवली न्हाई मी."

मुलानं गाडी थांबवली. आम्ही सगळे डबल बेलची वाट पाहत राहिलो. शेडमधून मेंढ्यांच्या चघळण्याशिवाय कसलाही आवाज येईना. शेवटी मुलगा उतरून आत गेला, त्याच्यामागं मी. आमचे हे मागच्या भिंतीला टेकून मेंढ्यांमध्ये उभे होते. दोन्ही हातांनी दोरी धरलेली, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"काका, डबल द्या ना," मुलगा हळूच म्हणाला. "जाऊ द्या आम्हाला."

"न्हाई देणार," हे म्हणाले. "त्याला जालन्याला दवाखान्यात मी नेईन. दर महिन्याला नेईन. तू म्हणशील तेव्हा नेईन. पण डबल मी देणार न्हाई. उस्ताद गेल्यावर मी कुणासाठी दोरी ओढू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून एवढं लांब आणि एवढं सरळ बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी मागं वळून पाहिलं तर भाई फाटकात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ते आमच्याजवळ आले नाहीत. आपल्या नेहमीच्या जागेवर, फाटकाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी फाटकाची कडी आतून लावून टाकली.

मुलानं आधी बापाकडं पाहिलं, मग काकांकडं पाहिलं. मग कडी काढून बाहेर गेला आणि गाडी बंद केली. मी अजून डोळे पुसतच होते, तोवर भाभी गाडीतून उतरून थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "बाई, माझी बरणी कुठं ठेवली? ती खालची फळी होती ना?"

पोळ्याच्या आधी पिल्लं झाली. कोकरांची शेपूट जन्मतः चपटी, तळहाताएवढी असते, हे मला तेव्हा कळलं. आता आमच्या गावातच नाही, पार शहागडपर्यंत चार-पाच घरी दुंबे आहेत. ज्याच्याकडं नवा मेंढा येतो त्याच्या घरातल्या बाया आधी भाभींकडं आणि माझ्याकडं येतात आणि दार लोटून घेऊन विचारतात. आम्ही जाऊन शिकवून येतो. घरातले पुरुष तेवढ्यापुरते रस्त्याकडं तोंड करून बसतात, आता तशी रीतच पडली आहे.

दर महिन्याला दोघं लाल गाडीनं जालन्याला जाऊन भाईंचा बीपी तपासून येतात. भाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आमचे हे सगळ्यात मागं. दवाखान्यातून निघालं की मुलाला फोन करायचं काम ह्यांच्याकडं आहे आणि ते कधी चुकत नाही.

मुलगा आता सुट्टीला बायकोपोरांना घेऊन येतो. निघताना गाडी शेडसमोर आणून स्वतःच थांबवतो, काच खाली करतो आणि आत हाक मारतो, "काका, डबल!" मग आमचे हे मागच्या भिंतीशी जाऊन दोनदा दोरी ओढतात. गाडी निघते. भाई फाटकाशी उभे राहून हात हलवतात. बेल ऐकून मेंढ्या, मेंढा आणि कोकरं सगळी त्यांच्या पायाशी येऊन उभी राहतात, त्यांना वाटतं आपल्यालाच सोडणार, आणि मग चरायची वेळ झालेली नसली तरी भाईंना फाटक उघडावंच लागतं.